भासऱ्याचं नाव

साक्षीच्या दिवशी शकुनची बोटं सुजलेली होती.

कार्तिक लागला होता. तलावात शिंगाडा भरला होता आणि शिंगाड्याला दोन्ही कुशींवर काटे. मच्छीमार सोसायटीच्या तलावात ती रोज डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, वाकून वेल उलटायची, पानाखाली हात घालायची. बोटांना डोळे नसतात. तोडणाऱ्या बाईला पाच टोपल्यांमागं एक टोपली मिळायची. स्वतःची बोडी होती तेव्हा पाचही टोपल्या तिच्याच होत्या.

ही बोडी म्हणजे शेतातला लहानसा तलाव. सासऱ्यानं ती स्वतःच्या हातांनी खोदली होती, मातीची पार, म्हणजे बांध, घालून तिच्यावर मोहाचं झाड लावलं होतं. तेजराम, शकुनचा नवरा, तापानं गेला आणि त्याच उन्हाळ्यात खालच्या शेताच्या लक्ष्मणरावानं पार फोडली. पाणी दोन दिवस वाहत होतं. मासे चिखलात तडफडत होते आणि ढिवरटोलीतल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या, बाया पदर भरून ते वेचत होत्या, शकुनकडं न बघता. पावसाळ्यात लक्ष्मणरावानं बोडीच्या पोटात धान रोवलं. शकुननं पवनीच्या कोर्टात दावा टाकला. बोडी आमची आहे, पार बांधून द्या. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

सकाळी रीनानं कोमट पाण्यात आईची बोटं धुतली, वर हळद दाबली. पोरगी पवनीच्या कॉलेजात शिकत होती. कोर्टातलं थोडंफार तिला कळायचं.

"आई, विचारलं तेवढंच सांग. घाबरू नोको."

"मले का बोलता येत नाई?" शकुन हसली. "दहा बायांत माहाच आवाज मोठा रायते."

कोर्टात लक्ष्मणरावाचा वकील मऊ आवाजाचा होता. आजारी माणसाशी बोलावं तसा बोलायचा.

"सातबाऱ्यावर अजून तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे. बरोबर?"

"हो."

"त्यांना मुलं किती?"

"दोन."

शकुनच्या वकिलानं कागदातून मान वर केली.

"दोन? दाव्यात तर एकच लिहिला आहे. दुसरा वारला का?"

"नाई जी. हायेत. थोरले हायेत. वरठीले रायते."

"त्यांचं नाव?"

शकुनचा हात पदराकडं गेला. पदर डोक्यावर होताच, तो आणखी पुढं आला.

"नाव, बाई."

"रीनाचे मोठेबाबा."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. वकीलही हसला. "कोर्टाला मोठेबाबा ठाऊक नाहीत. नाव सांगा."

शकुननं लाकडी कठडा धरला. काटे टोचलेल्या बोटांना लाकूड झोंबलं.

अठरा वर्षांची असताना ती या घरात आली. भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे सासऱ्याच्या जागी. भासरे ओट्यावर चढायच्या आधी एकदा खाकरायचे. खाकरलं की हातातलं काम टाकून ती दाराआड व्हायची, पदर हनुवटीपर्यंत ओढायची. उन्हात त्यांची सावली अंगणात पसरली की पाय आखडून घ्यायची, सावलीला पाय लागू नये म्हणून. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याशी एक शब्द नाही, त्यांचं नाव नाही. राग नव्हता, वैर नव्हतं. घर असंच उभं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं. सासऱ्याचं आणि नवऱ्याचं नाव तरी तिनं कुठं घेतलं होतं? सासऱ्याचं नाव सातबाऱ्यानं सांगितलं, नवऱ्याचं मरणाच्या दाखल्यानं. भासऱ्याचा मात्र तिच्या पेटीत कागदच नव्हता.

"म्हणजे थोरल्या भावाचा हिस्सा गिळायला तुम्ही त्याचं नाव दडवलं. हे खरं आहे?"

"खोटं हाय!"

"मग घ्या ना नाव."

न्यायासनावरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, इथं नाव सांगावं लागतं. इथं त्यात काही नाही."

शकुनचे ओठ हलले. मागं रीना अर्धी उभी राहिली, पट्टेवाल्यानं तिला खाली बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात काटा सरकत राहिला. शेवटी मॅडमनी लिहून घेतलं की साक्षीदार उत्तर देत नाही.

बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेब आपल्या मुन्शीवर, बाबुलालवर, तुटून पडले.

"मी इचारलं होतं साहेब," बाबुलाल म्हणाला. "वारस कोन कोन? बाई म्हनली, मी आन् पोरगी. मी म्हनलं, आखीन कोनी? बाई गप. गप म्हन्जे नाई, असंच लिवते ना मानूस?"

"मले वाटलं तुमाले ठाऊक असन," शकुन म्हणाली. "गावात सारेच जानते."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग तिथंच बाकड्यावर बसून दुरुस्तीचा अर्ज लिहिला. हिस्सेदार बाहेर ठेवून दावा टिकत नाही, थोरल्याला आत घ्यावंच लागेल. मऊ आवाजाच्या वकिलानं दुपारभर विरोध केला. पाच वर्षं झाली, साक्ष सुरू झाली, आता कसली दुरुस्ती? आमच्या माणसानं किती खेपा घालायच्या? मॅडम ऐकत राहिल्या. मध्येच एकदा त्यांनी शकुनकडं पाहिलं. चार वाजता हुकूम झाला. दुरुस्ती मंजूर, पण खर्च लावून.

"चौदा दिवस," वकीलसाहेबांनी समजावलं. "त्याच्या आत दोन हजार रुपये खर्च भरायचा, पावती लावायची आणि दावा दुरुस्त करायचा. हे नाही झालं तर दावा इथंच थांबला समजा."

"खर्च कोनाले द्याचा?"

"लक्ष्मणरावाला."

शकुनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पार त्यानं फोडली न् पैसे म्या देऊ?"

"पारीचा निकाल अजून व्हायचा आहे. हा त्याच्या खेपांचा खर्च. चूक आपली झाली."

"आन् ते? थोरले?"

"त्यांनी सही केली तर आपल्या बाजूला, वादी. नाही केली तर प्रतिवादी लिहावं लागेल."

"लक्ष्मणरावाच्या रांगेत?"

"कागदावर, बाई. नुसतं कागदावर."

एसटीत रीना म्हणाली, "आई, उद्याच वरठीले जाऊ. मोठेबाबा सही करून देतीन."

"रिकाम्या हातानं?"

रीनानं तिकीट बोटाला गुंडाळलं. तिला ठाऊक होतं. बोडीतली पहिली टोपली वरठीला जायची. थोरल्यांनी कारखान्यात नोकरी धरली, गाव सोडताना भावाला म्हणाले होते, बोडी तू पाह्य, मले फक्त शिंगाडे खाऊ घाल. तेव्हापासून दर कार्तिकात तेजराम सायकलला टोपली बांधून जायचा. तो गेल्यावर बोडीच फुटली आणि टोपलीही थांबली.

"पाच सालं झाले त्यायच्या घरी शिंगाडा गेला नाई," शकुन म्हणाली. "आधी दंड भरतो, मंग टोपली भरून जातो. मान ठेवून जाव लागते, रीना."

"आई, दिवस चौदाच हायेत."

"शिंगाडा तर उद्या तयार होत नाई ना व."

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच तलावावर उतरली. पाण्यावर धुकं असायचं, पाण्याचा गारठा मनगटातून कोपरापर्यंत चढायचा. उथळ जागी डोंगा अडे, तिथं ती कमरेएवढ्या पाण्यात उतरायची. पोटरीला जळू लागायची, ती मिठाच्या पुरचुंडीनं सोडवायची आणि रक्त पुसत पुन्हा वाकायची. पाय पांढरे पडले, बोटांच्या बेचक्यांत चिरा गेल्या. शेजारच्या डोंग्यांतल्या बाया गायच्या.

*शिंगाड्याचा वेल बाई, पान्यावर झोपे*
*भासऱ्याचं नाव बाई, व्हटामंदी लपे*

एरवी हे गाणं शकुनच उचलायची. या वर्षी तिनं तोंड उघडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "काहून व शकुन, कोर्टाच्या पिंजऱ्यात आवाज सांडून आली का?" साऱ्या हसल्या. शकुनही हसली, आणि त्या हसण्यात तिनं दोन काटे एकदम बोटात घालून घेतले.

दुपारी घरी येऊन ती मोठ्या गंजात शिंगाडे उकडायची. टरफलाचा काळा रंग नखांत बसायचा, घासूनही निघायचा नाही. अड्याळच्या बाजारात रीना मापानं विकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "लहान हायेत यंदा." रीना म्हणायची, "गोड हायेत, काका."

पाचव्या दिवशी लक्ष्मणरावानं तलावाच्या पारीवर मोटारसायकल थांबवली. धुतलेले कपडे, खिशाला पेन, हँडलला मिठाईचा डबा.

"काय शकुनबाई, माह्यासाठी तोडून राहिली का?"

शकुननं वर पाहिलं नाही.

"तोड, तोड. कोर्टाचा हुकूमच हाय. पर आंघोळ करून देजो पैसे, मासोळीचा वास येते."

गाडी सुरू झाली. गेली ती पवनीकडं नाही, भंडाऱ्याच्या रस्त्यानं. डोंग्यातली म्हातारी म्हणाली, "कुठं चालला व हा नवरदेव?" शकुन म्हणाली, "जाईना का मसनात." आणि पुढचा वेल उलटला.

दहाव्या दिवशी पैसे जमले. अकराव्या दिवशी माय-लेकी वरठीला निघाल्या. शकुननं आपल्या वाट्यातले मोठे मोठे शिंगाडे निवडून उकडले होते, टोपलीवर ओला फडका बांधला होता. भंडाऱ्याला गाडी बदलली. टोपली तिनं साऱ्या वाटेवर मांडीवरच धरली.

थोरल्यांचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं होतं. कारखान्याची धूळ छपराच्या कवेलूंवर, तुळशीवर, दोरीवरच्या लुगड्यावर. अंगणात नवे पत्रे भिंतीला टेकवलेले होते. उन्हात ते इतके चमकत होते की शकुनला डोळे मिटावे लागले.

जाऊबाई, पंचफुला, दारात आली. टोपली पाहिली. घ्यायला हात पुढं केले नाहीत.

"ये," एवढंच म्हणाली.

आत पाणी दिलं. शकुन भिंतीच्या कडेला बसली. मग मागच्या दाराकडून खाकरणं आलं. आता त्यात कारखान्याचा घरघराट होता, पण खाकरणं तेच. शकुननं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पाठ केली. थोरले, धनीराम, पलीकडच्या खोलीत खाटेवर बसले. मध्ये उघडं दार, दारात पंचफुला.

"मोठीआई, मोठेबाबाले सांग," रीनानं सुरुवात केली. "कोर्टात त्यायचं नाव टाकाचं हाय. आमच्या बाजूनं. एक सही पाह्यजे."

पंचफुला काही सांगायच्या आधीच आतून आवाज आला.

"आता आठवलं का नाव?"

रुळावरून मालगाडी जायला लागली. भांडी थरथरत राहिली. ती जाईपर्यंत सारे थांबले.

"पाच सालं," धनीराम म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बाप माहा, बोडी बापाची. पाच सालं दावा चालून राह्यला, आन् कागदावर मी नाई. टोपली बंद झाली, मी म्हनलं ठीक, बोडीच नाई तं टोपली कुठची. मंग लक्ष्मणराव आला. इथंच बसला. कागद दाखवला. वारस, शकुन आन् रीना. म्हने, धनीरामभाऊ, तुमाले तं जित्तेपनीच मारलं."

"मोठेबाबा, आईनं नाव घेतलं नाई म्हनून..." रीना म्हणाली. "ते तुमचं नाव कसं घेईन? भर कोर्टात घेतलं नाई. हसले लोकं."

पलीकडं खाट करकरली.

शकुननं भिंतीकडं तोंड ठेवूनच पंचफुलाला सांगितलं, "बाई, त्यायले सांगा. मान होता. दुसरं काई नोयतं. मुन्शीनं इचारलं न् माही जीभ उचलली नाई. म्या समजली, कोर्टाले सारं ठाऊक रायते."

पंचफुला रडायला लागली. पदरात तोंड घालून म्हणाली, "आठ दिवसं आधी आली असती, शकुन. आठ दिवसं आधी."

"काहून?"

"परवा पवनीले गेलते. रजिस्ट्री झाली. यायचा हिस्सा लक्ष्मणरावाले देला."

शकुनला अंगणातले पत्रे आठवले.

धनीराम बराच वेळ खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "पावसाळ्यात पूरं घर गळते. मले वाटलं, जे बोडी मले ओळखत नाई, ते मी कायले धरून बसू." आणि थोड्या वेळानं, जणू भिंतीला, "त्यानं धनीरामभाऊ म्हनलं. लय सालानं कोनी मले माह्या बापाच्या बोडीचा मालक म्हनलं."

निघताना टोपली तिथंच राहिली. पंचफुला ती परत द्यायला मागं आली, तेव्हा शकुन म्हणाली, "ठेवा बाई. थोरल्याचा वाटा हाय."

चौदाव्या दिवशी लक्ष्मणरावाच्या वकिलाच्या टेबलावर तिनं नोटा ठेवल्या. त्यातल्या काही ओलसर होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या. वकिलानं त्या मोजल्या आणि पावती फाडली. बाजूला उभ्या लक्ष्मणरावानं पावती आधी स्वतः वाचली, मगच तिच्या हाती दिली. "घे, जपून ठेव," म्हणाला. "दावा चालवाचा हाय ना?"

आपल्या वकिलाला तिनं रजिस्ट्रीचं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावर बोट वाजवत राहिले.

"मग अर्धा हिस्सा त्याचा झाला. आता फार तर वाटणी मागू."

"अर्धी बोडी होत नाई, साहेब. अर्ध्या पारीमागं पानी थांबत नाई."

"कोर्टाला पाणी दिसत नाही, बाई. कागदावरचा हिस्सा दिसतो." ते थकल्यासारखे म्हणाले. "दावा जिवंत ठेवायचा तर दुरुस्ती आज करावी लागेल. तुमच्या भासऱ्यांना प्रतिवादी क्रमांक दोन लिहावं लागेल. करायची?"

शकुननं मान हलवली. बोडी अजून मेलेली नव्हती. चिखलाखाली कुठंतरी शिंगाड्याचं बी असेल, असं तिला रोजच वाटायचं.

व्हरांड्याच्या टोकाला बाबुलालनं मूळ दाव्याचा कागद पसरला. पाच वर्षांत तो कडांना पिवळा पडला होता. दुरुस्ती लाल शाईनं करतात, त्यानं लाल पेन काढलं, झटकलं.

"प्रतिवादी क्रमांक दोन," तो लिहिता लिहिता बोलला. "नाव?"

रीनानं तोंड उघडलं. शकुननं तिच्या हातावर हात ठेवला.

"म्या सांगतो."

आजूबाजूला माणसं होती. चहावाला, पट्टेवाला, पलीकडं लक्ष्मणराव. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे मिटले. वरठीच्या खाटेची करकर तिच्या कानात होती.

"धनीराम," ती म्हणाली. मग बापाचं नावही तिनंच जोडलं. "धनीराम सोमा दिघोरे."

बाबुलालनं लिहिलं. पेन कागदावर खरखरलं. त्याला त्यात काही वाटलं नाही.

"वय?"

"साठाच्या वर. मालकाहून सात सालं मोठे."

"धंदा?"

"कारखान्यात होते. आता खोकते."

बाबुलालनं 'निवृत्त' लिहिलं. समासात शकुननं सही केली, रीनानं शिकवलेली, तीन अक्षरांची. सही होताच ती उठली, नळावर गेली, ओंजळीनं पाणी घेऊन चूळ भरली. पुन्हा भरली. रीना जवळ आली तर म्हणाली, "काई नाई. काट्यासारखं झालं तोंडात."

पुढची तारीख पौषात पडली. तोवर बोडीच्या पोटातलं धान कापून झालं होतं, भेगाळ चिखलात धसकटं उभी होती. शकुन आणि रीना कोर्टात लवकर येऊन डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. उजव्या बाजूला लक्ष्मणराव, हातात नवी पिशवी. मॅडम येऊन बसल्या. पट्टेवाला दारात गेला आणि त्यानं पुकारा केला.

"धनीराम सोमा दिघोरे, हाजिर आहे?"

शकुनचा पदर आपसूक पुढं आला.

व्हरांड्यात कोणी हललं नाही. लक्ष्मणराव मान उंचावून बाहेर बघू लागला.

"धनीराम सोमा दिघोरे!"

तिला वाटलं, येणार नाहीत. नाही आले तर बरं. त्या रांगेत ती जागा रिकामी राहू दे.

"धनीराम सोमा दिघोरे, हाजिर आहे?"

पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. दाराशी येऊन थांबला. आणि आत पाऊल टाकायच्या आधी, ओट्यावर चढताना खाकरायचे तसं, ते एकदा खाकरले. कोर्टात दुसऱ्या कोणासाठी ते नव्हतं.

शकुननं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"बाई, इकडे तोंड करा," वरून आवाज आला.

ती वळली नाही. मागून पावलं आली. खिडकीच्या उन्हात त्यांची लांब सावली फरशीवरून सरकत तिच्या टाचेपर्यंत आली. तिनं पाय आखडून घेतला. सावली पुढं गेली, खोलीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि लक्ष्मणरावाच्या शेजारी जाऊन थांबली.